'न'पाशी अडलेला शब्द

"सर, हे आधी तुम्ही ऐका. अहवाल मी नंतर लिहिते," आफरीन म्हणाली आणि तिनं केबिनचं दार लावून घेतलं.

दार कशाला लावायचं, ते हेमंत होगाडेला कळेना. आफरीन मुजावर ही त्याच्या गटातली सगळ्यात शांत संशोधक. कंपनीत आग लागली तरी ती आधी पाण्याची बाटली बंद करून मग उठेल, असं सगळे म्हणायचे. कंपनीच्या 'ओघ' या उपकरणाची नवी आवृत्ती येत्या दिवाळीत बाजारात येणार होती आणि तिच्यातली अंदाज बांधणारी यंत्रणा जुनीपेक्षा किती सरस आहे, हे तपासण्याचं काम आफरीनकडे होतं. त्यासाठी सुरुवातीच्या चाचण्यांमधले जुने संवाद ती नव्या यंत्रणेतून पुन्हा काढत होती.

"बहुतेक सगळीकडे जुनं आणि नवं उत्तर एकच आलं. एका ठिकाणी मात्र उलटं आलं. त्यात आवाज तुमचा आहे, म्हणून म्हटलं…"

वाक्य पुरं न करता तिनं आवाज सुरू केला.

हेमंतनं स्वतःला ओळखलं. सहा वर्षांपूर्वीचा, घाईतला हेमंत. "भरत्या, उद्या कार्यक्रमात गॅदरिंगचा तो व्हिडिओ दाखवायचा म्हणतोय. तुझी हरकत नाही ना? दाखवू ना?"

लगेच स्वच्छ, मोकळ्या आवाजात उत्तर आलं, "नक्की!"

"वा! मला माहीतच होतं. चल, ठेवतो, धावपळ आहे."

"हे तुम्हाला ऐकू आलेलं," आफरीन म्हणाली. "आता पलीकडं टिपलेलं मूळ ऐका."

तोच प्रश्न. मग जडशीळ, कोंडलेला आवाज. "न्… न… न्न…" त्याच्यावरच हेमंतचं ते 'वा! मला माहीतच होतं' येऊन पडलं. फोन बंद झाल्याचा टक् असा आवाज आला. मुद्रण मात्र चालूच होतं. पलीकडचा माणूस बंद झालेल्या फोनवर अजून झगडत होता. "न… न… न्न…" आणि मग, दगडाखालून हात सोडवून घ्यावा तसा तो शब्द बाहेर आला.

"नको."

आफरीन खिडकीबाहेर बघत राहिली. हेमंतला तिचे आभार मानावेसे वाटले आणि तिला हाकलून द्यावंसंही वाटलं.

*

भरतेश मगदूम आणि हेमंत होगाडे इचलकरंजीच्या एकाच गल्लीतले. भरतेशच्या वडिलांचे यंत्रमाग होते आणि हेमंतचे वडील त्याच मागांवर जॉबर होते. म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारे. भरतेश जन्माचा तोतरा. शाळेत हजेरीला 'हजर' म्हणायलाही त्याला इतका वेळ लागायचा की बाई पुढच्या नावाकडे जायच्या. पण कारखान्यात, मागांची धडधड कानठळ्या बसवत असताना, तो हेमंतच्या कानाशी तोंड नेऊन असा घडाघडा बोलायचा की ऐकत राहावं. सिनेमाच्या गोष्टी, मास्तरांच्या नकला, पोरींबद्दलच्या गुजगोष्टी, सगळं. बाहेर अंगणात आला की पुन्हा कुलूप.

असं का होतं, हे हेमंतला पुढे पुण्यात शिकताना कळलं. आपण बोलतो तेव्हा आपलाच आवाज आपल्या कानांवर पडतो आणि मेंदू तो सतत तपासत असतो. अडखळणाऱ्या अनेकांच्या बाबतीत या तपासणीतच कुठेतरी गोंधळ होतो. स्वतःचा आवाज झाकला गेला की तो गोंधळ कमी होतो आणि शब्द सुटतात. सगळ्यांचे सुटतात असं नाही, सगळा वेळ सुटतात असंही नाही. पण भरतेशचे सुटत. हेमंतनं याच गोष्टीवर डॉक्टरेट केली आणि पुढे त्यातूनच 'ओघ' जन्माला आलं.

'ओघ'चे दोन भाग होते. कानात बसणारा एक मणी बोलताना धबधब्यासारखा आवाज करून माणसाचा स्वतःचा आवाज त्याच्यापासून झाकायचा. दुसरा भाग म्हणजे हनुवटीखाली चिकटवायची कातडीच्या रंगाची पट्टी. शब्द तोंडातून बाहेर पडण्याआधीच जीभ, ओठ आणि घसा यांचे स्नायू तो घडवायला लागतात आणि त्यांच्यात विजेचे बारीक स्पंद उठतात. पट्टी हे स्पंद वाचायची आणि कुठला शब्द येऊ घातलाय, ते ओळखायची. माणूस अडला, की फोन तोच शब्द त्याच्याच आवाजात पलीकडे पोहोचवायचा. पलीकडच्याला अडखळणं ऐकूच यायचं नाही. आणि कानात धबधबा असल्यामुळं आपल्या नावावर पलीकडे नेमकं काय गेलं, हे बोलणाऱ्यालाही ऐकू यायचं नाही.

गोची होती ती सारख्या सुरू होणाऱ्या शब्दांची. जीभ 'न'पाशीच रुतून बसली, तर पुढे 'नको' आहे, 'नक्की' आहे की 'नंतर', हे पट्टी सांगू शकत नसे. अशा वेळी थांबायचं किती? चाचणीतल्या लोकांना थांबणं आवडत नव्हतं. शेवटी ठरलं, की जरासं थांबून ज्या शब्दानं बोलणं सुरळीत पुढं जाईल तो शब्द द्यायचा. गटातल्या एकानं सुचवलं होतं, की अंदाजानं दिलेल्या शब्दामागे एक बारीकशी टिकटिक वाजवू या, म्हणजे ऐकणाऱ्याला कळेल की हे पक्कं नाही. हेमंतनं ती सूचना हसण्यावारी नेली होती. "चष्म्यावर कुणी 'हा माणूस आंधळा आहे' असं लिहितं का?" तो म्हणाला होता. सगळे हसले होते, आणि टिकटिक तिथंच मेली.

पहिली पट्टी लागली ती भरतेशच्या हनुवटीखाली. तेव्हा तो इचलकरंजीतच आयटीआयमध्ये विणकामाचं तंत्र शिकवायचा. शिकवायचा म्हणजे फळ्यावर लिहायचा आणि हातांनी दाखवायचा. पहिल्या फोनवर तो तासभर बोलला. शेवटी हेमंत म्हणाला, "भरत्या, माग बंद पडून इतकी वर्षं झाली, पण तू आज कारखान्यातल्यासारखा बोललास." तिकडून बराच वेळ नुसतं नाक ओढल्याचा आवाज आला. 'ओघ'ला तो आवाज काय समजावा ते कळलं नाही, म्हणून त्यानं तो तसाच पाठवला.

त्यानंतर दर रविवारी फोन. वर्षभर. चाचणीसाठी हे संवाद साठवायला भरतेशनं आनंदानं परवानगी दिली होती.

मग आला उद्घाटनाचा कार्यक्रम. 'ओघ'च्या आधीचा माणूस आणि नंतरचा माणूस, असं शेजारी शेजारी दाखवायचं ठरलं. नंतरचा होताच. आधीचा हेमंतच्या फोनमध्ये कितीतरी वर्षं पडून होता: कॉलेजचं गॅदरिंग, स्टेजवर भरतेश, समोर माईक. त्याला फक्त स्वतःचं नाव सांगायचं होतं. 'भ'पाशी तो अडला, मान वाकडी झाली, डोळे मिटले आणि सभागृह शिट्ट्यांनी दणाणलं. शेवटी हेमंतनंच विंगेतून धावत जाऊन माईक घेतला आणि त्याचं नाव सांगितलं. तो व्हिडिओ मोठ्या पडद्यावर लागला, लोक गलबलले. मग हेमंतनं आदल्या संध्याकाळचा फोन ऐकवला. 'दाखवू ना?' 'नक्की!' टाळ्यांचा कडकडाट झाला. दोन दिवसांत तो तुकडा देशभर पोहोचला.

त्यानंतर भरतेशनं रविवारचा फोन उचलला नाही. पुढच्या रविवारीही नाही. मेसेजला उत्तरं यायची, ती 'बरं आहे', 'कामात आहे' अशी. मग ती नुसत्या अंगठ्यावर आली, आणि मग वर्षातून एकदा दिव्याचं चित्र. हेमंतनं बायकोला सांगितलं, "माणसाला दुसऱ्याचं मोठं होणं पचत नाही गं. जवळच्याला तर नाहीच." बायकोनं मान डोलावली होती. आणि ते वाक्य हेमंतला इतकं सोयीचं वाटलं होतं की त्यानं पुढची सहा वर्षं ते काढून पाहिलं नाही.

*

शनिवारी सकाळी तो गाडी घेऊन इचलकरंजीला निघाला. फोन करून जावं की न करता, याचा विचार कराडपर्यंत चालला. शेवटी हातकणंगल्याच्या फाट्यावर त्यानं मेसेज टाकला, 'येतोय. महत्त्वाचं आहे.' उत्तर आलं, 'ये.'

वाटेत तो मनाशी बोलणं जुळवत होता. आश्चर्य म्हणजे त्याला थोडं हलकं वाटत होतं. चूक यंत्राची होती. पुरावा हातात होता. भरतेशनं नको म्हटलं होतं आणि यंत्रानं त्याचं 'नक्की' केलं होतं. दोघांच्यात यंत्र आलं होतं, दुसरं काही नाही. हे सांगणारा हेमंतच होता, स्वतःहून, स्वतःच्या कंपनीच्या विरुद्ध. या विचारानं त्याला स्वतःबद्दल जरा बरंही वाटलं.

दार एका विशीतल्या मुलीनं उघडलं. सन्मती. हेमंतनं तिला शेवटचं पाहिलं तेव्हा ती आठवीत होती आणि 'काका, मला पण एक पट्टी द्या, मराठीच्या तोंडी परीक्षेला' म्हणत होती.

"या. आई बस्तीत गेलीय देवदर्शनाला. बाबा आत आहेत," ती म्हणाली. 'काका' म्हणाली नाही.

भरतेश संगणकासमोर बसला होता. पडद्यावर साडीच्या काठाचा नमुना होता, मोरपंखी आणि किरमिजी. केस पार पिकले होते. हनुवटीखाली पट्टी नव्हती.

"ब-बस," तो म्हणाला.

"आयटीआयला सुट्टी?"

"स… सोडली नोकरी. क-कधीच."

"का रे?"

उत्तर सन्मतीनं दिलं, पेल्यात पाणी ओतता ओतता. "पोरं वर्गात तो व्हिडिओ लावायची. फळ्याकडं तोंड केलं की मागून 'भ-भ-भ' सुरू. माझ्या शाळेत पण तेच. मला भभी म्हणायचे." तिनं सरळ हेमंतकडं पाहिलं. "मी बाबांशी वर्षभर बोलत नव्हते. तुम्ही का हो म्हणालात, एवढंच विचारायची. ते म्हणायचे, मी हो म्हटलंच नाही. आणि बाबांचा आवाज तर सगळ्या देशानं ऐकलेला. आम्हाला वाटलं, आता लाज वाटतेय म्हणून खोटं बोलतायत."

भरतेश नमुन्याकडंच बघत होता.

इतकं हेमंतच्या हिशेबात नव्हतं. पण त्याच्याकडं औषध होतं, ते घेऊनच तर तो आला होता. "त्यासाठीच आलोय," तो घाईनं म्हणाला आणि फोन टेबलावर ठेवून त्यानं आफरीननं दिलेलं मूळ ध्वनिमुद्रण लावलं.

खोलीत 'न… न्न…' घुमलं. वर ते उत्साही 'वा! मला माहीतच होतं'. टक्. पुन्हा 'न… न…'. आणि शेवटी, 'नको'.

सन्मतीच्या हातातला पेला तिनं खाली ठेवला की तो निसटला, ते तिलाही कळलं नसावं. पाणी टेबलावर पसरलं. कुणी पुसलं नाही.

"बाबा," ती म्हणाली. "तुम्ही नको म्हटलं होतं."

भरतेशनं डोळे मिटून घेतले होते. आपण वेडे नाही, एवढं कुणीतरी सांगावं म्हणून माणूस सहा वर्षं वाट बघतो आणि मग ते ऐकल्यावर त्याला नुसता थकवा येतो, तसा त्याचा चेहरा दिसत होता.

"यंत्राची चूक होती," हेमंत बोलू लागला. त्यानं सगळं समजावून सांगितलं: स्पंद, 'न'चा घोळ, बोलणं पुढं नेण्यासाठी निवडलेला शब्द. "मला इकडे खरंच 'नक्की' ऐकू आलं रे. तुझ्याच आवाजात. मी काय करणार? आता हे सगळं मी जाहीर सांगणार आहे. तुझं नाव निष्कलंक होईल."

भरतेशनं डोळे उघडले. कितीतरी वेळानं तो हेमंतकडं नीट बघत होता.

"आणि मे… मे…" तो अडला. गळ्याच्या शिरा ताणल्या. सन्मती मध्ये बोलली नाही. हेमंतला तो शब्द कळला होता. पहिल्याच अक्षराला कळला होता. तो शब्द बाहेर येऊच नये, असं त्याला आतून वाटत होतं. "मेसेज?" भरतेश म्हणाला.

"कसला मेसेज?" सन्मतीनं विचारलं.

भरतेशनं फक्त वाट पाहिली.

'मिळालाच नाही.' हे उत्तर हेमंतच्या जिभेच्या टोकावर तयार होतं. कार्यक्रमाच्या सकाळी शेकडो मेसेज आले होते, एखादा हरवू शकतो, कुणीही मान्य करेल. त्यानं सहा वर्षं स्वतःलाही जवळजवळ हेच पटवलं होतं. पण भरतेशच्या नजरेसमोर ती सकाळ पुरती उघडी पडली: सभागृहाच्या मागची छोटी खोली, कॉलरचा माईक नीट करणारा कुणीतरी, हातातला फोन. 'हेमंत, तो व्हिडिओ दाखवू नकोस. काल फोनवर सांगत होतो, तू ठेवलास. हात जोडतो.' त्यानं तो वाचला होता. पुरता. मग फोन उलटा करून ठेवला होता. काल स्वतःच 'नक्की' म्हणाला, आता घाबरलाय, असं म्हणाला होता तो स्वतःशी. दाखवल्यावर टाळ्या ऐकेल आणि विसरेल.

यंत्रानं त्याला खोटं उत्तर दिलं होतं, हे खरं. पण खरं उत्तरही त्याच्या हातात होतं. दोन्हींमधलं हवं ते त्यानं उचललं होतं.

"आला होता," हेमंत म्हणाला. "वाचला होता मी."

"कधी?" सन्मतीचा आवाज बारीक झाला.

"कार्यक्रमाच्या आधी."

"मग?"

"पडदा लावून झाला होता, पाहुणे…" तो थांबला. ही कारणं बोलताना त्याला स्वतःचीच शिसारी आली. "मला दाखवायचा होता. म्हणून दाखवला."

बाहेर कुठेतरी एक रिक्षा थांबली, वळली, गेली. सन्मती वडिलांकडं वळली. "आणि तुम्ही आम्हाला हे का नाही सांगितलं? तो मेसेज दाखवला असता तर मी तेव्हाच विश्वास ठेवला असता. आईनं ठेवला असता. एवढं सगळं तुम्ही…"

भरतेशला उत्तर द्यायला फार वेळ लागला. ते तुकड्या-तुकड्यांनी आलं, मध्ये मोठाल्या खिंडी टाकत, आणि दोघांनीही ते पुरतं ऐकलं. मेसेज दाखवला असता तर सगळ्यांना कळलं असतं की हेमंतला माहीत होतं. मग तो मित्र नव्हताच, असं झालं असतं. "मला… मला ते ब-बघायचं नव्हतं," भरतेश म्हणाला. "तुमच्यासाठी न-नाही. माझ्यासाठी. माझ्याशी ब-बोलणारा तो एकच होता."

हेमंतनं मान खाली घातली. समोर टेबलावरचं पाणी काठाशी येऊन थेंब थेंब खाली पडत होतं. आरडाओरडा झाला असता, भरतेशनं कॉलर धरली असती, तर त्याला बरं वाटलं असतं. शिवी खाऊन माणूस निदान काहीतरी देणं फेडल्यासारखा उठतो. इथं तर त्याच्या लबाडीवर दुसऱ्यानं इतकी वर्षं पांघरूण धरलं होतं, आणि त्या पांघरुणाखाली स्वतःच्या पोरीचा विश्वास गमावला होता.

"माफ कर" हे शब्द त्यानं उच्चारले, पण ते इतके छोटे वाटले की वाक्याच्या मध्येच तो गप्प झाला.

सन्मतीचं त्याच्याकडं लक्षही नव्हतं. ती वडिलांच्या खुर्चीशेजारी खाली बसली होती आणि त्यांच्या गुडघ्यावर कपाळ टेकून काहीतरी पुटपुटत होती. भरतेशचा हात तिच्या केसांवरून फिरत होता. त्या खोलीत आता तिसऱ्या माणसाचं काही काम उरलं नव्हतं. हेमंत उठला, दारात जाऊन बूट चढवू लागला.

तो फाटकाशी पोहोचला तेव्हा मागून चपलांचा आवाज आला. भरतेश आला होता.

"रविवारी फोन करू?" हेमंतनं विचारलं आणि विचारल्याक्षणी त्याला त्या प्रश्नाची लाज वाटली.

भरतेशनं मान हलवली. "फोन न-नको." मग थोड्या वेळानं, "यायचं तर… ये." हेमंतच्या चेहऱ्यावर काही उमटलं असावं, कारण भरतेशनं हात वर करून त्याला थांबवलं. "ल-लगेच नको येऊस."

फाटक लागलं.

गाडीत बसल्यावर हेमंतनं आफरीनला फोन लावला. पलीकडे तिच्या घरात मुलांचा गलका चालला होता; ती बाजूला येईपर्यंत तो वाट पाहत राहिला.

"बोला सर. अहवालात त्या संवादाबद्दल काय लिहू? नवी यंत्रणा तिथं 'नको' असं ओळखते, एवढंच लिहिलं तरी चालेल. ती तिची जमेची बाजूच आहे. नाव गाळता येईल."

सोपं होतं ते. नव्या यंत्राचं कौतुक, जुन्या यंत्रावर ठपका, आणि मध्ये कुणीच माणूस नाही.

"नाव गाळू नकोस," तो म्हणाला. "भरतेशचं गाळ, त्याला विचारल्याशिवाय घालू नकोस. माझं घाल. आणि खाली एक ओळ लिही. त्या माणसानं दुसऱ्या दिवशी सकाळी लेखी नकार कळवला होता आणि हेमंत होगाडेनं तो वाचून व्हिडिओ दाखवला."

"सर, हा अहवाल संचालकांकडं जातो. कायदा विभागाकडंही. तुमची खुर्ची राहणार नाही."

"हो."

"मी लिहिलं की पुसता येणार नाही."

"लिही," हेमंत म्हणाला. "मी लाइनवर आहे. लिहून झालं की मला वाचून दाखव."

आफरीन लिहू लागली. फोनमधून कळफलकाचा आवाज येत राहिला, मध्येच थांबत, पुन्हा सुरू होत. काचेपलीकडं मगदूमांच्या घरात कुणीतरी टेबलावरचं पाणी पुसत होतं. हेमंतनं तिकडून नजर काढून घेतली. मग तिनं वाचायला सुरुवात केली आणि आपलं नाव आल्यावर त्यानं डोळे मिटले, पण कान मिटले नाहीत.